परसातले पाच वाफे

आपल्याकडच्या जेवणात ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण आणि ठेचा असतो. हा पाया चांगलाच आहे. उणीव असते ती भाजीची. आठवडी बाजारातून आणलेली भाजी दोन-तीन दिवसांत संपते आणि पुढचे दिवस बेसन, बटाटा, चटणी यांवर निघतात. थकवा, चक्कर, दम लागणे अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या भगिनींना मी विचारतो, "आठवड्यात पालेभाजी किती वेळा होते?" बहुतेकींचे उत्तर येते, "बाजारच्या दिवशी."

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. याची कारणे अनेक आहेत. ताटातली भाजी हे त्यातले आपल्या हातातले एक. म्हणून आज परसबागेविषयी.

परसबाग बऱ्याच जण करतात. पण मेथीचे सगळे बी एकाच दिवशी टाकतात. मग पंधरा दिवस मेथीच मेथी आणि नंतर वाफा रिकामा! कोल्हापूरचे प्रा. श्री. अ. दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवारा'तून थोड्या जागेत कुटुंबाची गरज भागविण्याचा विचार महाराष्ट्रभर पोचविला. तीच दृष्टी येथे ठेवावी. आधी ताट ठरवावे, मग वाफा.

आखणी

वीस फूट लांब व दहा फूट रुंद, दिवसातून सहा तास ऊन मिळणारी जागा पुरते. तीत तीन फूट रुंदीचे पाच वाफे पाडावेत आणि मध्ये फूटभर वाट सोडावी. दोन्ही बाजूंनी हात पोचतो, वाफ्यात पाय पडत नाही, माती भुसभुशीत राहते. लागवड दाट असल्याने खतही जास्त लागते. दर वाफ्याला दोन-तीन घमेली चांगले कुजलेले शेणखत मिसळावे.

पहिल्या दोन वाफ्यांत पालेभाज्या घ्याव्यात : मेथी, पालक, शेपू, माठ, अंबाडी, कोथिंबीर. अर्धा वाफा आज पेरावा, उरलेला पंधरा दिवसांनी. मेथी महिन्याभरात काढणीला येते. पालक कापला की पुन्हा फुटतो. तिसऱ्यात वांगी, टोमॅटो, मिरची लावावी. वांग्याची रोपे दोन-दोन फुटांवर असतात, ती पसरेपर्यंत मधल्या जागेत मुळा किंवा कोथिंबीर निघून जाते. चौथ्यात गवार, चवळी, भेंडी. पाचव्यात पावसाळ्यात रोपे तयार करावीत, हिवाळ्यात गाजर, बीट व कांदा घ्यावा. दोडका, कारले, वाल हे वेल उत्तरेच्या कुंपणावर चढवावेत, म्हणजे त्यांची सावली वाफ्यांवर पडत नाही. त्याच कडेला एक शेवगा आणि एक लिंबू असावे.

पुढच्या हंगामात पिकांची जागा बदलावी. वांगी, टोमॅटो व मिरची एकाच कुळातली; त्यांचे रोग मातीत राहतात. त्या वाफ्यात नंतर शेंगवर्गीय पीक घ्यावे.

पाणी

बीडकरांचा पहिला प्रश्न हाच असणार. हिवाळ्यात एवढ्या बागेला रोज साधारण चाळीस-पन्नास लिटर पाणी लागते. भाजी, डाळ, तांदूळ धुतलेले पाणी पालेभाज्यांना द्यावे. आंघोळीचे शेवगा व वेलांना. कपड्यांच्या पावडरचे पाणी आणि संडासाचे सांडपाणी भाजीला कधीही देऊ नये. उसाचे पाचट किंवा तुरीचे भुसकट अंथरले की ओल टिकते. उन्हाळ्यात गरज दुपटीवर जाते, तेव्हा एकच वाफा जगवावा.

मावा, तुडतुडे दिसल्यास पाव किलो निंबोळीची भुकटी पाच लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून फवारावी. कपाशीचे औषध घरच्या भाजीवर मुळीच मारू नये.

कोयत्यावर जाणाऱ्यांसाठी

दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांनी मृगाच्या पावसावरच पेरणी करावी. मेथी, माठ, भेंडी, गवार, चवळी निघेपर्यंत खाऊन होतात. शेवग्याचा व अंबाडीचा पाला सावलीत वाळवून बरोबर न्यावा. चिमूटभर पाला वरणात टाकता येतो. गावी आजी-आजोबांजवळ राहणाऱ्या मुलांसाठी दोन पालेभाज्यांचे वाफे मागे ठेवावेत. तेवढे काम म्हातारी माणसे सहज करतात.

ताटात येताना

भाजी आधी धुवावी, मग चिरावी. शिजवलेले पाणी फेकू नये. पालेभाजीतले लोह शरीरात कमी शोषले जाते. वर लिंबू पिळले तर ते अधिक लागू पडते. जेवणानंतर लगेच चहा घेतल्यास ते शोषण घटते, म्हणून तासभर थांबावे. गाजर व पालेभाज्यांतल्या जीवनसत्त्व 'अ'साठी थोडे तेल हवे. आणि घरात भाजी शिजते तेव्हा ती सुनेच्या व मुलीच्या ताटातही पुरेशी वाढली जाते ना, एवढे पाहावे. शेवटी जेवणारीच्या वाट्याला नुसता रस्सा येऊ नये.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. रक्त कमी झाले असेल तर बागेवर विसंबून राहू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करून लोहाच्या गोळ्या पूर्ण घ्याव्यात. गरोदरपणात तर एकही दिवस चुकवू नये. रक्त भरून आल्यावर ते टिकवायला परसातली भाजी मदत करते.

बियाण्यासाठी फार खर्च नको. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान भाज्यांचे बी जपले, त्याबद्दल त्यांना पद्मश्री मिळाली. आपणही वालाच्या, चवळीच्या चार चांगल्या शेंगा वेलावरच वाळू द्याव्यात, राखेत घोळवून ठेवाव्यात आणि शेजारणीलाही मूठभर द्याव्यात. अधिक माहितीसाठी अंबाजोगाईच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारावे.