रक्तबिंबिकांची वाढ व घरच्या माणसांचें कर्तव्य

प्लेटलेट हा शब्द आपल्याकडे घरोघर पोहोंचला तो डेंग्यूच्या तापामुळें. त्या तापांत ह्या कणांची संख्या उतरते, घरचीं माणसें रक्ततपासणीच्या कागदाकडे डोळे लावून बसतात, आणि आंकडा वर चढूं लागला म्हणजे सुटकेचा निःश्वास टाकतात. त्यामुळें आंकडा जितका मोठा तितकी प्रकृति उत्तम, अशी समजूत लोकांत रुजली आहे. परंतु कांहीं माणसांच्या, विशेषतः वृद्धांच्या, रक्तांत हेच कण प्रमाणाबाहेर वाढतात, व तो एक निराळाच विकार असतो. आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांच्या घरीं आजी-आजोबा आहेत आणि त्यांच्या शुश्रूषेचा भार पालकांच्या शिरावर आहे; म्हणून ह्या विकाराची थोडी ओळख करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम हे कण कोणते तें पाहूं. रक्तांत तांबड्या व पांढऱ्या पेशींखेरीज अति सूक्ष्म असे चपटे कण असतात. त्यांस शास्त्रीय मराठींत बिंबिका म्हणतात. इटालियन शास्त्रज्ञ जुलियो बित्सोत्सेरो ह्यांनीं १८८२ सालीं त्यांचें स्वरूप व कार्य स्पष्ट करून दाखविलें. हाडांच्या पोकळींतील मज्जेंत कांहीं मोठ्या पेशी असतात. त्यांचे तुकडे सुटून बिंबिका तयार होतात आणि आठदहा दिवस रक्तांत फिरतात. बोट कापलें कीं त्या जखमेकडे धांव घेतात, एकमेकींस चिकटतात व रक्ताची वाट बुजवितात. निरोगी माणसाच्या एक घन मिलिमीटर रक्तांत त्या सुमारें दीड लाख ते साडेचार लाख असतात.

आंकडा ह्याच्या वर गेला म्हणजे लगेच घाबरण्याचें कारण नाहीं. पुष्कळदां ती वाढ दुसऱ्या एखाद्या कारणाची सांवली असते: अंगांत लोह कमी असणें, एखादा संसर्ग, जुनी सूज, किंवा पूर्वीं प्लीहा काढलेली असणें. मूळ कारण दूर झालें कीं आंकडाही खालीं येतो. मात्र कधीं कधीं दोष खुद्द मज्जेंतच असतो. अशा विकाराचें वर्णन व्हिएन्ना येथील एप्स्टाइन व गोएडेल ह्या दोघां वैद्यांनीं १९३४ सालीं केलें. २००५ सालीं जॅक-टू नांवाच्या जनुकांतील एक बदल सांपडला. तो ह्या विकाराच्या निम्म्याहून अधिक रोग्यांत आढळतो. २०१३ सालीं कॅलर ह्या जनुकांतील बदलही उजेडांत आले. हे बदल बहुधा जन्मतः नसतात, तर आयुष्यांत मागाहून उत्पन्न होतात. हा रोग एकाचा दुसऱ्यास लागत नाहीं. आजोबांच्या पेल्यानें पाणी प्यावयास नातवानें भिऊं नये.

मग धोका कशांत आहे? जें काम जखमेच्या तोंडाशीं व्हावयाचें तेंच अखंड रक्तवाहिनींत झालें तर रक्ताची गांठ होते. ती मेंदूंत अडकली तर पक्षाघात, हृदयांत अडकली तर हृदयविकाराचा झटका. कोणाचें डोकें दुखतें, कोणास घेरी येते, कोणाच्या हातापायांचीं बोटें लाल होऊन त्यांची आग होते. आणि कित्येकांस तर कांहींच होत नाहीं. आश्चर्याची गोष्ट ही कीं आंकडा दहा लाखांच्या पुढें गेला म्हणजे उलट रक्तस्रावाचीही भीति असते, कारण रक्त थांबविणारें एक द्रव्य ह्या अतिरिक्त बिंबिकांमुळें कमी पडूं लागतें. म्हणून केवळ आंकड्यावरून धोका मोजतां येत नाहीं. रोग्याचें वय साठाच्या वर आहे काय, पूर्वीं कधीं गांठ झाली होती काय, हें वैद्य अगोदर विचारतात.

उपचारांत बहुधा दोन औषधें असतात. एक अल्प मात्रेंतील अॅस्पिरिन. तें बिंबिकांची चिकटण्याची शक्ति कमी करतें. दुसरें हायड्रॉक्सियुरिया, तें मज्जेंतील उत्पादन आंवरतें. हें द्रव्य जर्मनींत १८६९ सालींच तयार झालें होतें. विदर्भांत सिकलसेलच्या रोग्यांसही तें देतात. त्याची उपयुक्तता इटलींतील एका प्रयोगानें दिसून आली. १९९५ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगांत धोका अधिक असलेले ११४ रोगी होते. औषध घेणाऱ्या ५६ जणांपैकीं दोघांस गांठ झाली. न घेणाऱ्या ५८ जणांपैकीं चौदा जणांस झाली.

हे दोन आंकडे पालकांनीं मनांत ठेवावे, कारण घरांतील खरी अडचण येथेंच उद्भवते. वृद्ध माणसास बरें वाटत असतें, तें म्हणतें, "मला कांहीं होत नाहीं, मग ही गोळी कशाला?" त्यावर रागें भरून उपयोग नाहीं. ही गोळी बरें वाटावें म्हणून नसून, येऊं पाहणारें संकट दूर रहावें म्हणून आहे, हें शांतपणें समजावून द्यावें. गोळी सोडली कीं आंकडा पुन्हां चढतो.

हायड्रॉक्सियुरियामुळें पांढऱ्या पेशीही कमी होऊं शकतात; यास्तव ठरलेल्या दिवशीं रक्त तपासलेंच पाहिजे. ताप आला, तोंडांत फोड आले, घोट्यापाशीं न भरणारी जखम दिसली, तर वैद्यांस तत्काळ कळवावें. ही कॅप्सूल फोडूं नये, हाताळल्यावर हात धुवावे, आणि घरांत गर्भवती स्त्री असेल तर तिनें तिला हात लावूं नये. दुकानांतून आणलेली वेदनाशामक गोळी परस्पर देऊं नये. दांत काढण्यापूर्वीं दंतवैद्यास सर्व औषधें सांगावीं. शेजारीपाजारी प्रेमानें पपईच्या पानांचा रस सुचवितील. पण लोक तो देतात बिंबिका वाढाव्या म्हणून. येथें त्या कमी करावयाच्या आहेत! तंबाखू, विडी व मिश्री सुटेल तर उत्तम. रक्तदाब व साखर आटोक्यांत ठेवावी. तोंड एकाएकीं वांकडें झालें, एक हात लुळा पडला, किंवा बोलणें अडखळलें, तर डोक्यास तेल चोळीत बसूं नये. १०८ क्रमांकास बोलवावें. तेथें घटकाघटकेस मोल आहे.

आतां सर्वांत नाजूक गोष्ट. जागतिक आरोग्य संघटनेनें ह्या विकारास रक्ताच्या अर्बुदांच्या वर्गांत घातलें आहे. त्यामुळें रोग्यास ज्या दालनांत जावें लागतें त्याच्या दारावर बहुधा कर्करोग हा शब्द असतो. तो वाचून मुलें घाबरतात व वडिलांपासून सत्य लपवितात. बाहेर कुजबुज, आंत खोटें हसूं. म्हातारा माणूस तें ओळखतोच, आणि एकटाच भीत बसतो. आमचें मत असें कीं, ज्यानें वर्षानुवर्षें गोळी गिळावयाची त्यास ती कशासाठीं हें कळलें पाहिजे. सत्यही येथें तितकें भयंकर नाहीं. नीट उपचार घेणारे पुष्कळ रोगी दीर्घायुषी होतात. थोड्यांच्या बाबतींत बऱ्याच वर्षांनीं मज्जेचा अधिक कठीण विकार उद्भवतो. त्यासाठींच वैद्यांकडील फेरी चुकवावयाची नाहीं. वैद्यांनीं प्रश्न विचारला तर उत्तर आईस देऊं द्यावें. तिच्या देखत तिच्याविषयीं तिसऱ्या माणसासारखें बोलूं नये. आणि हा सर्व भार घरांतील एकट्या सुनेवर किंवा मुलीवर न टाकतां भावंडांनीं वांटून घ्यावा.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांसही येथें काम आहे. एक वही करा. तींत तारीख, आंकडा व गोळ्यांची संख्या लिहा. औषधाच्या वेष्टनावरील बारीक अक्षरें आजीस दिसत नाहींत. तीं तुम्ही वाचून दाखवा. संध्याकाळीं आजोबांबरोबर चार पावलें चाला. शाळेंत शिकलेलें गणित व वाचन घरच्या वडीलधाऱ्यांच्या उपयोगीं पडावें, ह्याहून त्या विद्येचें अधिक सार्थक तें कोणतें?