वसीयत लिहायची, पण कोणासाठी?

घरातला कर्ता माणूस गेला की वाटणीचा प्रश्न येतो, आणि अनेक घरांत तो भांडणावर जातो. “आपल्यात हिस्से ठरलेलेच आहेत, मग वसीयत कशाला?” असं आपण सहज म्हणतो. दुसरीकडे काही जण मृत्युपत्र करून सगळं घर एकाच मुलाच्या नावावर लिहितात. दोन्ही समज चुकीचे आहेत. ज्यांच्यापर्यंत ठरलेला हिस्सा पोहोचत नाही, त्यांच्यासाठी वसीयत आहे.

आधी क्रम समजून घेऊ

मय्यतीच्या मालमत्तेतून सर्वांत आधी कफन-दफनाचा खर्च निघतो. मग कर्ज फेडायचं. बायकोचा मेहर द्यायचा राहिला असेल तर तेही कर्जच आहे. त्यानंतर वसीयत, आणि उरलेल्यात वारसांचे हिस्से. सूरह अन्-निसाच्या ११ व १२ व्या आयतींत हिस्से सांगताना वसीयत आणि कर्जाचा उल्लेख वारंवार आला आहे, तो उगीच नाही.

वसीयतीला दोन मर्यादा आहेत. हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) आजारी असताना त्यांनी संपत्ती दान करण्याबद्दल विचारलं, तेव्हा प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी एक तृतीयांशापर्यंतच परवानगी दिली आणि तेही पुष्कळ आहे असं सांगितलं. दुसरी मर्यादा अशी की वारसाच्या नावे वसीयत करता येत नाही. हनफी मतानुसार मृत्यूनंतर बाकीच्या वारसांनी संमती दिली तरच ती चालते. शिया मतात एक तृतीयांशापर्यंत वारसालाही देता येतं.

१९३७ च्या शरीयत कायद्यामुळे भारतातली न्यायालयं मुस्लिमांच्या वारसाहक्काला हेच नियम लावतात. शेतजमीन मात्र त्या कायद्याच्या मजकुरातून वगळलेली आहे, म्हणून शेती असेल तर जाणकार वकिलाला जरूर विचारावं.

अनाथ नातवंडांचं काय?

बाप जिवंत असताना एखादा मुलगा वारला, तर त्याच्या मुलांना हनफी कायद्याप्रमाणे आजोबांच्या मालमत्तेत हिस्सा येत नाही, कारण काका हयात असतात. इजिप्तने १९४६ मध्ये आणि पाकिस्तानने १९६१ मध्ये अशा नातवंडांसाठी कायद्याने सोय केली. आपल्याकडे तशी तरतूद नाही. म्हणून ही जबाबदारी आजी-आजोबांवर येते. नातवंडं इथे वारस नाहीत, त्यामुळे एक तृतीयांशाच्या आत त्यांच्या नावे वसीयत करता येते आणि तिला काकांची संमती लागत नाही.

समजा, एका गृहस्थाची मालमत्ता ४० लाखांची आहे. दफनाचा खर्च, उधारी आणि मेहर मिळून ४ लाख गेले. राहिले ३६ लाख. एक मुलगा आधीच वारला आहे, त्याच्या मुलांच्या नावे जास्तीत जास्त १२ लाखांची वसीयत होऊ शकते. उरलेल्या २४ लाखांत पत्नीचा आठवा हिस्सा, म्हणजे ३ लाख. बाकी २१ लाख दोन मुलगे आणि तीन मुलींत वाटले तर प्रत्येक मुलाला ६ लाख आणि प्रत्येक मुलीला ३ लाख. वसीयत लिहिलीच नसती, तर या पोरक्या मुलांच्या वाट्याला कायद्याने एक रुपयाही आला नसता.

मुलीचे ३ लाख हा तिचा हक्क आहे, भावाची मेहेरबानी नव्हे. “लग्नात दिलं की सगळं” म्हणून तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेणं, हे अल्लाहने ठरवलेला हिस्सा दाबणं झालं.

लहान मुलं असतील तर

हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. बाप गेल्यावर आई अल्पवयीन मुलांच्या मालमत्तेची आपोआप कायदेशीर पालक होत नाही. हनफी कायद्यात बापानंतर बापाने नेमलेला ‘वसी’, आणि त्यानंतर आजोबा येतात. पण बाप वसीयतीत मुलांच्या आईलाच वसी नेमू शकतो. तरुण बापांनी एवढी एक ओळ तरी लिहून ठेवावी.

हिबा, वक्फ आणि नॉमिनी

हयातीत द्यायचं असेल तर हिबा आहे. देणाऱ्याची घोषणा, घेणाऱ्याचा स्वीकार आणि ताबा, या तीनही गोष्टी हव्यात. नुसता कागद करून ताबा स्वतःकडेच ठेवला तर हिबा कोर्टात टिकणं कठीण. मुलांना देताना बरोबरीने द्यावं, अशी प्रेषितांची शिकवण आहे. मरणाच्या आजारपणात केलेल्या हिब्यालाही एक तृतीयांशाची मर्यादा लागते. महाराष्ट्रात राहतं घर पती-पत्नी, मुलं, नातवंडं किंवा मरण पावलेल्या मुलाच्या पत्नीला बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. बाकीचे शुल्क वेगळे.

ट्रस्टसारखी कायमची व्यवस्था हवी असेल तर वक्फ-अलल-औलाद हा मार्ग आहे. १९१३ च्या कायद्याने त्याला मान्यता मिळाली. २०२५ च्या दुरुस्तीनुसार त्यातून मुलींसह कुठल्याही वारसाचा हक्क डावलता येत नाही, आणि नवा वक्फ लेखी दस्ताशिवाय होत नाही. एकदा वक्फ केलेली मालमत्ता परत घेता येत नाही, म्हणून विचार करूनच पाऊल उचलावं.

बँकेतला किंवा सोसायटीतला नॉमिनी मालक होत नाही. त्याने रक्कम किंवा फ्लॅट वारसांच्या वतीने सांभाळायचा असतो.

कागद कसा करावा?

मुस्लिम कायद्यात तोंडी वसीयतही चालते. पण तोंडी बोलणं सिद्ध कोण करणार? म्हणून लिहावं, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात आणि शक्य असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवावी. नोंदणी सक्तीची नाही, पण पुढचे वाद टळतात. त्यात देणी-घेणी, राहिलेला मेहर, मालमत्तेची यादी आणि वसीचं नाव असावं. परिस्थिती बदलली की वसीयत बदलताही येते.

देण्यासारखं काही असणाऱ्याने लेखी वसीयतीशिवाय दोन रात्रीही काढू नयेत, अशी ताकीद हदीसमध्ये आहे. आपल्यापैकी अनेकांची वर्षं तशीच गेली आहेत. या जुम्मानंतर घरात बसून निदान देण्या-घेण्याची यादी तरी लिहायला घेऊ या.