रांगेतलं वाक्य जागेत मांडताना

एक साधं वाक्य घेऊ. ‘काल आईने ताईला पुस्तक दिलं, पण तिने ते वाचलंच नाही.’ ऐकताना यात काही अडत नाही. आता हेच वाक्य भारतीय सांकेतिक भाषेत सांगायचं आहे. ‘काल’ पहिल्यांदा, कारण कधी घडलं हे या भाषेत बहुधा सुरुवातीलाच सांगून टाकतात. मग आई: तिची खूण करायची आणि बोटाने उजवीकडची एक जागा दाखवायची. आता ती जागा आईची. ताईची जागा डावीकडे. मग पुस्तक. आणि ‘दिलं’ची खूण उजवीकडून निघून डावीकडे जाते. देणारी कोण आणि घेणारी कोण, हे हाताच्या त्या एका प्रवासातच आलं. मराठीत ‘ने’ आणि ‘ला’ जे काम करतात, ते इथे दिशेने केलं.

उरलं ‘तिने वाचलं नाही’. बोट कुठे न्यायचं, उजवीकडे की डावीकडे? मराठीतली ‘ती’ आई की ताई, हे आपण संदर्भावरून समजून घेतो, कधी न समजताच पुढे जातो. हातांना ती सवलत नाही. बोट कुठल्यातरी एका जागेकडे गेलंच पाहिजे. म्हणजे दुभाष्याला उत्तर आधी कळलेलं हवं, आणि कळलं नसेल तर बोलणाऱ्याला थांबवून विचारायला हवं. ‘उघडलं’ या क्रियापदाचंही तसंच. दार, छत्री, बाटलीचं झाकण, प्रत्येकाचं उघडणं हात वेगळं दाखवतात. काय उघडलं ते कळेपर्यंत हात थांबतात. सांकेतिक भाषेचा दुभाषी होणं म्हणजे शेकडो खुणा पाठ करणं, असं बाहेरून वाटतं. खरं शिक्षण वेगळंच आहे. रांगेत एकामागून एक येणारे शब्द ऐकायचे आणि त्यांतून समोरच्या हवेत एक जागा उभी करायची, जिच्यात माणसं, वस्तू आणि काळ आपापल्या ठिकाणी उभे आहेत.

काळसुद्धा, हो. झालेलं खांद्यामागे, येणारं पुढ्यात.

या भाषांना भाषा मानायलाच जगाला फार वेळ लागला. १८८० साली मिलानमध्ये बधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि शाळांतून खुणा हद्दपार करून ओठांवरून वाचायला व बोलायला शिकवावं असा ठराव तिथे झाला. त्याची सावली पुढची शंभर वर्षं मुलांच्या हातांवर पडून राहिली. अमेरिकेत विल्यम स्टोको यांनी १९६० साली दाखवून दिलं की एकेका खुणेचे घटक सुटे करता येतात: हाताचा आकार, जागा, हालचाल. त्यातला एक बदलला की अर्थ बदलतो, जसा ‘काल’मधला ‘क’ बदलून ‘गाल’ होतो. भारतात सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मदन वसिष्ठ, जेम्स वुडवर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली, कोलकाता, मुंबई, बंगळूर इथल्या बधिरांच्या खुणांचा अभ्यास केला. वसिष्ठ स्वतः बधिर. शहरागणिक शब्द थोडे वेगळे निघाले, पण व्याकरण एकच होतं.

मेंदूने तर यावर शिक्कामोर्तबच केलं. अर्सुला बेलुगी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूला इजा झालेल्या बधिर माणसांचा अभ्यास केला. खुणा डोळ्यांनी पाहायच्या आणि जागेत करायच्या, म्हणजे त्यांचा कारभार उजव्या मेंदूकडे असेल, असा कुणाचाही अंदाज होईल. पण डाव्या बाजूला इजा झालेल्यांची सांकेतिक भाषा विस्कटली, जशी बोलणाऱ्यांची वाचा जाते. उजव्या बाजूला इजा झालेल्यांना साधं चित्र नीट काढता येत नव्हतं, तरी त्यांच्या खुणांचं व्याकरण बहुतांशी शाबूत होतं. भाषा कानातून आली की डोळ्यांतून, डाव्या मेंदूला त्याचं फारसं काही नाही. हे वाचल्यावर ‘खाणाखुणा’ हा शब्द या भाषेसाठी वापरवत नाही.

मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, दिल्लीत २०१५ पासून भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. दोन्हीकडे दुभाष्यांचा दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम चालतो, बारावीनंतर प्रवेश मिळतो. ही भाषा शिकवणारे उत्तम शिक्षक बधिरच असतात, आणि त्यांच्या वर्गात तोंडाने बोलणं बंद. ऐकू येणाऱ्या विद्यार्थ्याला पहिली अडचण हातांची येत नाही, डोळ्यांची येते. तो समोरच्याच्या हातांकडे बघत राहतो. सराईत माणूस बघतो चेहऱ्याकडे. हात नजरेच्या कडेला आपोआप दिसतात. कारण अर्धं व्याकरण चेहऱ्यावर असतं. ‘तू जेवलास’ हे विधान की प्रश्न, हे भुवया आणि डोकं ठरवतात. गाल फुगले की वस्तू मोठी झाली. नकार मानेत असतो. दुभाष्यांनी गडद, साधे कपडे घालावेत, खणखणत्या बांगड्या आणि चमचमती नखं टाळावीत, प्रकाश तोंडावर येईल असं उभं राहावं, हे नियम याच कारणाने आहेत.

शिवाय समोरचा जे उजवीकडे मांडतो, ते बघणाऱ्याच्या डावीकडे पडतं. अख्खं दृश्य मनातल्या मनात फिरवून घ्यावं लागतं, दर वाक्याला. अमेरिकी सांकेतिक भाषा वापरणाऱ्यांवर झालेल्या प्रयोगांत असं आढळलं की मनात आकार फिरवून बघण्याच्या कामात ते इतरांहून चपळ असतात. त्यांत बधिर आई-वडिलांची ऐकू येणारी मुलंही होती. म्हणजे हे न ऐकण्याचं फळ नाही, भाषेचं आहे.

मग येतो ऐकता ऐकता सांगण्याचा सराव. रेडिओवरची बातमी ऐकत तीच शब्दशः पुन्हा म्हणायची, मग स्वतःच्या शब्दांत, मग हातांनी. बोलणाऱ्याच्या मागे किती अंतर ठेवायचं हे यात मुरतं. फार जवळ गेलं तर शब्दाला शब्द चिकटतो, फार मागे पडलं तर आकडे आणि नावं निसटतात. मराठी माणसाला इथे थोडी सोय आहे: भारतीय सांकेतिक भाषेतही क्रियापद शेवटाकडे येतं, आणि ‘तुझं नाव काय’मधल्यासारखा प्रश्नार्थक शब्द अखेरीस. इंग्रजी-मराठी दुभाष्यांना बंद कक्ष, हेडफोन, वेगळा माइक लागतो, कारण दोन आवाज एकमेकांवर आदळतात. इथे एक भाषा कानाची, एक डोळ्यांची. दोन्ही एकाच खोलीत एकाच क्षणी विनाअडथळा चालतात. थकवा मात्र जबर. लांब कार्यक्रमात दोन दुभाषी असतात आणि साधारण वीस-तीस मिनिटांनी बदलतात.

उलटी दिशा, म्हणजे खुणांवरून बोलणं, बहुतेक विद्यार्थ्यांना जास्त जड जाते. २०२३च्या सप्टेंबरमध्ये बधिर वकील सारा सनी यांनी सर्वोच्च न्यायालयात, सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्यापुढे, दुभाष्याच्या साहाय्याने बाजू मांडली, तेव्हा दुभाष्याच्या वेगाचं न्यायालयात कौतुक झालं. अशा वेळी दुभाषी ‘त्या म्हणतात’ असं म्हणत नाही, ‘मी’ म्हणतो. तो ‘मी’ दुसऱ्याचा असतो. स्वतःचं मत, सल्ला, दया त्यात मिसळायची नाही.

आणि हे काम नीट झालं की नाही हे ऐकू येणाऱ्यांना ठरवताच येत नाही. डिसेंबर २०१३ मध्ये जोहान्सबर्गला नेल्सन मंडेलांच्या स्मरणसभेत जगातल्या नेत्यांच्या शेजारी उभा राहून एक जण निरर्थक हातवारे करत राहिला. बधिरांनी ते तत्काळ ओळखलं, बाकी जगाला पत्ता नव्हता. दुभाष्यांच्या परीक्षेला बधिर परीक्षक हवेतच, असं मी म्हणतो ते म्हणूनच.

सगळ्यात अवघड प्रसंग आपल्याकडे वेगळाच येतो. खेड्यात वाढलेल्या, शाळेत न गेलेल्या अनेक बधिरांना कुठलीच सांकेतिक भाषा कुणी शिकवलेली नसते. घरच्यांशी जुळवलेल्या चार खुणा, तेवढीच त्यांची भाषा. असा माणूस साक्षीदार म्हणून कोर्टात आला तर? बोलू न शकणाऱ्याची साक्ष दुभाषी किंवा विशेष शिक्षकाच्या मदतीने घ्यावी आणि तिचं चित्रीकरण करावं, अशी तरतूद २०१३ मध्ये पुरावा कायद्यात आली. कागदावर खूण मावत नाही, हे कायद्याने मान्य केलं. अशा वेळी पदविकाधारक दुभाषी एकटा पुरत नाही. त्याच्या जोडीला बधिर दुभाषी लागतो, ज्याचं सगळं आयुष्य समोरच्याला डोळ्यांनी समजावण्यात गेलं आहे. न्यायाधीशांचा प्रश्न ऐकणारा दुभाषी त्याला सांकेतिक भाषेत देतो. बधिर दुभाषी नकला करून, बोटाने दाखवून, वस्तू मागवून तो प्रश्न साक्षीदारापर्यंत पोचवतो, आणि उत्तर त्याच वाटेने परत येतं. एका प्रश्नाला दहा मिनिटं लागली तरी ती न्यायालयाने द्यायला हवीत.