भर न घालता मुरलेली वाइन

फ्रान्सच्या पूर्वेला, स्वित्झर्लंडला खेटून जुरा हा डोंगराळ प्रदेश आहे. तिथल्या एका कड्यावर शातो-शालों हे चिमुकलं गाव वसलंय. कड्याखालच्या उतारांवर, करड्या-निळसर चिकणमातीत सव्हान्यां जातीची पांढरी द्राक्षं पिकतात. त्यांच्यापासून होते ‘व्हां जोन’, म्हणजे पिवळी वाइन. बोर्दो आणि बरगंडीच्या गाजावाजात हिचं नाव क्वचितच कानावर पडतं.

एरवी वाइनचं पीप काठोकाठ भरलेलं ठेवतात. वाइन उडून पातळी उतरली की वरून भर घालायची. नाहीतर हवा लागून माल आंबतो. इथे मुद्दामच भर घालत नाहीत. उघड्या पडलेल्या वाइनवर यीस्टचा पातळ, राखाडी पापुद्रा धरतो, दुधावर साय धरावी तसा. हवेपासून राखण तोच करतो आणि वाइनला स्वादही तोच देतो. हंगामानंतरच्या सहाव्या वर्षाच्या 15 डिसेंबरपर्यंत वाइन मुरवायचीच, त्यातले निदान 60 महिने या पापुद्र्याखाली, असा नियम आहे. मधूनमधून नमुना काढून तपासतात. सगळीच पिपं कसाला उतरतात असं नाही. काही चक्क व्हिनेगरच्या वाटेला लागतात. एवढा काळ भांडवल अडकवून ठेवायचं आणि वर हा धोका पत्करायचा, म्हणजे धंद्याच्या हिशोबात हा वेडेपणाच.

लिटरभर वाइनमागे शेवटी सुमारे 62 सेंटिलिटर हाती लागते असं मानतात. तिची बुटकी, रुंद खांद्यांची ‘क्लाव्हलें’ बाटलीही नेमकी तेवढ्याच मापाची.

शातो-शालोंकर नावालाही जपतात. तोडणीआधी मळ्यांची पाहणी होते. 1974, 1980, 1984 आणि 2001 या वर्षी द्राक्षं मनासारखी नव्हती, तर गावाच्या नावाने वाइन काढलीच नाही. पायथ्याच्या व्वातर गावात 1957 साली सुरू झालेली छोटी सहकारी वाइनरी आहे; आसपासचे बागायतदार आपली द्राक्षं तिथे घालतात.

ग्लास नाकाशी नेला की आधी अक्रोड जाणवतो, मग मसाल्याचा वास. त्यामागे सोटोलोन नावाचं संयुग आहे, आणि आपल्या मेथीदाण्याचा वासही त्याचाच. घोट मात्र कोरडा ठणठणीत. गोडसर वाइनची सवय असलेला माणूस पहिल्या घोटाला तोंड वाकडं करील.

म्हणूनच ती जेवणासोबत घ्यायची. याच डोंगरांत कच्च्या दुधापासून होणारं कोंते चीज, तेही वर्ष-दीड वर्ष मुरलेलं, हिच्याशी असं जमतं की दुसरं काही नसलं तरी चालेल. पाहुणचाराचा मान मात्र कोंबडीचा. तुकडे लोण्यात परतायचे, वाइन घालून मंद शिजवायचे, मग भिजवलेली गुच्छी आणि भरपूर क्रीम. काटकसरी घरांतून रश्श्यात साधी सव्हान्यां ओततात आणि उतरवताना तेवढी व्हां जोनची धार सोडतात. मला हा शहाणपणा पटतो.

ही वाइन टिकते किती? 1774 सालच्या हंगामातली एक बाटली 2018 मध्ये लिलावात 1,03,700 युरोंना गेली.

तिकडे जाणं झालंच, तर फेब्रुवारीच्या सुरुवातीचा बेत आखा. नव्याने तयार झालेल्या व्हां जोनचं पीप तेव्हा समारंभाने फोडतात. 1997 पासूनची ही प्रथा आहे. बाटली घेतलीत तर फ्रिजमध्ये गार करू नका. 15 अंशांच्या आसपास ठेवा, काही तास आधी उघडा आणि सावकाश संपवा. उघडल्यावरही ती कित्येक आठवडे उतरत नाही.