संकासुराने घेतलेली माझी तपासणी

वैद्यकीय स्मरणिकेत दशावतारावर लेख कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. पेडणे वा डिचोली तालुक्यात ज्यांनी दवाखाना चालविला, त्यांना तो पडणार नाही. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी तारवटलेल्या डोळ्यांनी निम्मे गाव त्यांच्यासमोर बसलेले असते.

दशावतारी काल्याचा पूर्वार्ध म्हणजे आडदशावतार. त्यात गणपती, सरस्वती, ब्रह्मदेव, विष्णू येतात आणि वेद चोरणारा संकासुरही येतो. उत्तरार्धात पौराणिक आख्यान रंगते. लिखित संहिता नसते. कथासूत्र ठरते आणि संवाद नट जागच्या जागी रचतात. एका लाकडी बाकाचे सिंहासन होते, रथही होतो. संकासुर मात्र पुराणाच्या चौकटीत मावत नाही. काळ्या वेषातील हा राक्षस देवांशी गावच्या बोलीत हुज्जत घालतो आणि विष्णूच्या हातून मरण्यापूर्वी देवत्वाचा सारा डौल उतरवून ठेवतो.

१९८० साली मच्छिंद्र कांबळींनी रंगभूमीवर आणलेल्या ‘वस्त्रहरण’मध्ये गंगाराम गवाणकरांनी हीच किमया नाटकभर साधली. गावची हौशी मंडळी द्रौपदी वस्त्रहरणाचा खेळ मांडतात आणि महाभारत व गावकी एकमेकांत शिरतात. सर्व्हांतेसच्या ‘डॉन किखोते’च्या १६१५ सालच्या दुसऱ्या भागात तर नायकाला त्याचा पहिला भाग वाचलेली माणसे भेटतात. ओळखीचे पात्र परक्या कथेत गेले की त्याच्याविषयीची आपली गृहीतके उघडी पडतात.

डॉक्टर हेही असेच एक ठरीव पात्र आहे, हे मला एका संकासुराने शिकविले.

काही वर्षांपूर्वी एक दशावतारी नट मधुमेहासाठी माझ्याकडे येत असे. रात्रीच्या जेवणापूर्वी घ्यावयाची गोळी मी लिहून दिली होती. दर भेटीत मी विचारी, “गोळी घेता ना?” तो म्हणे, “घेतां, दोतोर.” तपासणी तेथेच संपे.

त्या वर्षी जत्रेत तो संकासुर झाला होता. विष्णूने चक्र उगारले, तेवढ्यात त्याची दृष्टी पुढच्या रांगेत बसलेल्या माझ्याकडे गेली. तो म्हणाला, “चक्र कित्याक, देवा? थंय दोतोर बसला. सांजवेळा ताची गोळी घेतां, फांतोड जायसर उपाशी. मध्यानरातीं हातपांय कांपतात, घाम सुटता. तुका म्हाका मारपाची गरजूच ना!”

मांडव हास्यात बुडाला. मीही हसलो आणि क्षणार्धात दचकलो. उपाशी पोट, कंप, घाम आणि सल्फोनिलयुरिया गटातील गोळी. निदानाला आणखी काय हवे होते?

आडदशावतार आटोपताच मी रंगपटात गेलो. गाडीतील ग्लुकोमीटरवर त्याची साखर साठच्या खाली भरली. साखरपाणी पाजले, मागाहून पोळी खायला लावली, पुन्हा साखर पाहिली. आख्यान पाऊण तास उशिरा सुरू झाले.

“हे मला आधी का सांगितले नाही?” मी किंचित रागानेच विचारले.

“तुमी विचारलें, गोळी घेतां? हांवें सांगलें, घेतां. जेवतां केन्ना, तें खंय विचारलें?”

पोट जड असले की सोंग नीट उभे राहत नाही, म्हणून जत्रांच्या हंगामात तो पहाटेच्या दहीकाल्यानंतरच जेवत असे. माझ्या चिठ्ठीत मात्र त्याची रात्र इतरांसारखीच धरलेली होती. दुसऱ्या दिवशी मी गोळी बदलली आणि प्रयोगाच्या रात्रींचे वेगळे वेळापत्रक त्याच्यासमवेत बसून लिहिले. पुढील हंगामात त्याला पुन्हा कंप सुटला नाही.

पुराणात संकासुराने वेद चोरले आणि देवाने ते परत आणले. माझ्या बाबतीत उलट घडले. मी विसरलेला प्रश्न त्यानेच मला परत दिला. आता नव्या रुग्णाची चिठ्ठी लिहिण्यापूर्वी, तो रात्री ट्रक चालविणारा असो, पहाटे होडी लोटणारा असो वा घरी निजणारा, मी आधी विचारतो, “तुम्ही जेवता केव्हा?”