लोखंडाचा कीस आणि खिशातला मोबाइल

कोल्हापूरचे उद्यमनगर घ्या, लुधियाना घ्या की कोइमतूर घ्या. तेथील एखाद्या लहानशा यंत्रशाळेत शिरले की लेथच्या डोक्यावर, तेलकट चिंध्यांच्या आणि मापपट्टीच्या शेजारी, एक मोबाइल पडलेला हटकून दिसतो. तो तेथे चैनीखातर आलेला नाही. गिऱ्हाइकाने पाठविलेले आरेखन त्यातच असते, आट्यांचे कोष्टक त्यातच पाहिले जाते, आणि २०१६ साली यूपीआय सुरू झाल्यापासून मजुरीचे व मालाचे पैसेही पुष्कळदा त्याच वाटेने येतात. मोबाइल दाराबाहेर ठेवावा, हा उपदेश म्हणूनच फारसा कोणी पाळत नाही, आणि त्याबद्दल कारागिराला दोष देण्यातही अर्थ नाही. त्याच्या दृष्टीने ते यंत्र म्हणजे कचेरी, वही आणि बटवा असे सर्व काही आहे. ते बंद पडले तर दिवसभराची कमाई अडून राहते.

पण ज्या जागी ते ठेवलेले असते, तेथील हवा त्याला मानवत नाही. ग्राइंडरची चकती पोलादावर टेकली की ठिणग्यांचा फवारा उडतो. त्या ठिणग्या म्हणजे तापून लाल झालेले धातूचे कण होत. थंड झाल्यावर त्यांचीच भुकटी होऊन ती टेबलावर, एप्रनवर आणि माणसाच्या नाकातोंडात बसते. साधी धूळ जेथे पडते तेथे पडून राहते. लोखंडाच्या भुकटीचे तसे नाही. मोबाइलजवळ आलेल्या भुकटीला मोबाइल स्वतःच ओढून घेतो.

याचे कारण मोबाइलच्या पोटात आहे. रेडिओच्या कर्ण्यात जी रचना असते तीच मोबाइलच्या इवल्याशा कर्ण्यात असते. एक कायमचा चुंबक, त्याच्याजवळच्या अरुंद फटीत लोंबणारे तारेचे वेटोळे आणि वेटोळ्याला जोडलेला पातळ पडदा. वेटोळ्यातून विजेचा प्रवाह कमीजास्त होत गेला की ते पुढेमागे हलते, पडदा थरथरतो आणि आवाज उमटतो. एवढ्या लहान जागेत पुरेसा आवाज निघावा म्हणून चुंबक अतिशय प्रबळ लागतो. १९८०च्या दशकाच्या प्रारंभी जपानमध्ये आणि अमेरिकेत स्वतंत्रपणे सिद्ध झालेल्या निओडिमियम, लोह व बोरॉन यांच्या मिश्रणाचे चुंबक या कामी येतात. कॅमेऱ्याचे भिंग नेमके जागेवर आणणाऱ्या यंत्रणेतही पुष्कळ मोबाइलांत असेच बारीक चुंबक असतात.

कर्ण्यापुढच्या जाळीवर प्रथम जाड कण येऊन बसतात आणि केसांसारखे उभे राहतात. आवाज मंदावतो. मालकाला वाटते, संदेशवहनातच काही बिघाड आहे. त्याहून बारीक कण जाळीतून आत गेले आणि वेटोळ्याच्या फटीत अडकले, तर पडदा घासू लागतो व आवाज फाटतो. ही फट मिलिमीटरच्या लहानशा अंशाएवढी असते. तीत शिरलेला कण चुंबकच धरून ठेवतो, तो आपण होऊन बाहेर येत नाही.

मुरादाबाद किंवा जामनगर येथे पितळेचे काम करणाऱ्यांना ही ओढीची भीती नाही, कारण पितळ, तांबे व ॲल्युमिनियम यांना चुंबक ओढत नाही. परंतु हे सारे धातू विजेचे उत्तम वाहक आहेत, आणि चार्जिंगचे तोंड उघडेच असते. टाइप-सी प्रकारच्या तोंडात एकमेकींना अगदी लगटून चोवीस संपर्कपट्ट्या बसविलेल्या असतात. दोन पट्ट्यांमध्ये कूलंटने ओला झालेला कीस अडकला, की प्रवाहाला भलतीच वाट मिळते, पट्ट्या गंजतात, कधी तापतात. बिनतारी चार्जिंगचा उपाय येथे पूर्ण निर्धोक म्हणता येत नाही. चकती आणि मोबाइल यांच्यामध्ये राहिलेला धातूचा कपटा त्या चुंबकीय क्षेत्रात तापतो.

विकत घेताना डबीवर ‘आयपी ६८’ असे लिहिलेले पाहून अनेक जण निश्चिंत होतात. यातील पहिला आकडा धुळीबद्दलचा असून सहा हा त्यातील सर्वांत वरचा दर्जा होय. मात्र ही परीक्षा टाल्कच्या भुकटीत घेतली जाते. टाल्क मऊ असते, ते वीज वाहून नेत नाही, आणि चुंबकाला त्याचे सोयरसुतक नाही. शिवाय परीक्षा नव्या कोऱ्या वस्तूची होते. दोनदा फरशीवर आपटलेल्या आणि एकदा उघडून दुरुस्त केलेल्या मोबाइलची नव्हे. आत धूळ जाणार नाही एवढेच तो आकडा सांगतो. जाळीवर आणि चार्जिंगच्या तोंडात ती साचणार नाही, असे तो कोठेही म्हणत नाही.

खरा उपाय शाळेतल्या प्रयोगात दडलेला आहे. लोहचुंबक नुसताच किसात बुडविला तर तो साफ करता करता मुलांच्या नाकी नऊ येतात. तोच कागदात गुंडाळून बुडविला आणि मग कागद सोडला, की सगळा कीस कागदाबरोबर निघून येतो. चुंबकाची ओढ अंतराबरोबर फार झपाट्याने कमी होते. थोडेसे अंतर आणि मध्ये एक पडदा एवढ्यावर पुष्कळ भागते. तोंड घट्ट मिटणाऱ्या पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत मोबाइल ठेवला तर हाच कागद त्याला मिळतो. पातळ प्लॅस्टिकमधून पडद्यावर बोट चालते, बोलणेही ऐकू येते. पिशवी दारापाशी काढून झटकावी, आणि काढण्यापूर्वी हात पुसावेत, नाहीतर बोटांचाच कीस आत जातो. चार्जिंग मात्र पिशवीत करू नये, उष्णता कोंडते.

जागेचाही विचार हवा. एप्रनचा छातीवरचा खिसा ग्राइंडरच्या फवाऱ्यासमोर येतो, आणि त्याच्या तळाशी आठवड्याचा कीस असतो. तेथे मोबाइल ठेवण्याइतकी वाईट जागा दुसरी नाही. चुंबकाने मिटणारे कव्हर दिसायला देखणे असले तरी यंत्रशाळेत ते किसाला आमंत्रणच ठरते. सरफेस ग्राइंडरच्या चुंबकीय चकवर तर मोबाइल क्षणभरही टेकवू नये.

आणि तरीही कीस बसलाच तर? बहुतेक जण कंप्रेसरची नळी उचलतात. सहा-सात बार दाबाचा तो झोत जाळीवर मारला की जाळी स्वच्छ दिसते, आणि माणूस समाधान पावतो. पण कीस गेला कोठे? बराचसा आत! मायक्रोफोनचा नाजूक पडदाही त्या झोताने फाटू शकतो. त्यापेक्षा मोबाइल बंद करून, जाळी खालच्या बाजूला धरून, चिकटपट्टी हलकेच टेकवून उचलावी; पुन्हा नवी पट्टी घ्यावी. चार्जिंगच्या तोंडात सुई किंवा टाचणी कधीही घालू नये, लाकडी दातकोरणे पुरते. एवढ्याने आवाज सुधारला नाही, तर दुरुस्ती करणाऱ्याला आत धातूचा कीस गेल्याचे प्रथमच सांगावे, म्हणजे तो जाळी आणि कर्णा आधी पाहील, आणि नुसती जाळी बदलून भागण्यासारखे असेल तर मोठा खर्च वाचेल.