आधी उपचार की आधी पैसे?

8 जुलै 1992 ची संध्याकाळ. पश्चिम बंगालमधल्या मथुरापूर स्टेशनात एक शेतमजूर गाडीतून खाली पडला. डोक्याला जबर मार. गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सोय नव्हती, म्हणून त्याला कलकत्त्याला हलवण्यात आले. तिथे रात्रभर एका सरकारी रुग्णालयातून दुसऱ्या सरकारी रुग्णालयात त्याची वरात निघाली. कुठे खाट रिकामी नव्हती, तर कुठे यंत्र नव्हते. अखेर एका खासगी रुग्णालयाने त्याला दाखल करून घेतले. माणूस वाचला, पण बिल आले सुमारे 17 हजारांचे!

हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मे 1996 मध्ये न्यायालयाने त्याला 25 हजार रुपये भरपाई देवविली आणि पैशांची चणचण ही सबब सरकारला पुढे करता येणार नाही, असे बजावले. त्याआधी 1989 मध्ये परमानंद कटारा यांच्या याचिकेवर याच न्यायालयाने सांगितले होते की, जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य आहे, मग तो सरकारी असो वा खासगी. पोलीस पंचनामा नंतर, उपचार आधी.

दोन्ही निकाल गाजले. पण खासगी डॉक्टरने रात्री दोन वाजता उपचार केले आणि रुग्णाच्या खिशात दमडीही नसली, तर त्याचे पैसे कोणी द्यायचे? हा साधा प्रश्न मात्र तसाच राहिला. 2023 साली राजस्थानात डॉक्टर आणि सरकार समोरासमोर उभे ठाकले ते याच प्रश्नावरून.

कायदा आला, डॉक्टर रस्त्यावर उतरले

अशोक गेहलोत यांच्या सरकारने आरोग्याच्या हक्काचे विधेयक सप्टेंबर 2022 मध्ये विधानसभेत मांडले. असा कायदा करणारे राजस्थान हे देशातले पहिले राज्य ठरणार होते. तातडीच्या प्रसंगी कोणत्याही रुग्णालयाने आगाऊ पैसे न मागता उपचार करावेत, हा त्यातला कळीचा भाग. डॉक्टरमंडळींनी लगेच हरकत घेतली. 'तातडीचा प्रसंग' म्हणजे नेमके काय? छातीत दुखते म्हणून आलेला हृदयविकाराचा रुग्ण आणि पित्ताने बेजार झालेला रुग्ण दाराशी सारखेच दिसतात. शिवाय पैसे कोण देणार, याचा मसुद्यात पत्ताच नव्हता.

विधेयक प्रवर समितीकडे गेले. मधल्या महिन्यांत डॉक्टरांच्या संघटनांनी बैठका घेतल्या, निवेदने दिली, बंद पाळले. त्याचा परिणामही झाला, हे मान्य करायला हवे. सुधारलेल्या विधेयकात अपघात, सर्पदंश, जनावराचा चावा असे प्रसंग नावानिशी आले. रुग्णाने पैसे दिले नाहीत तर ते सरकार भरून देईल, हे कलमही आले. नियम मोडणाऱ्याला पहिल्यांदा 10 हजारांपर्यंत आणि पुन्हा मोडल्यास 25 हजारांपर्यंत दंड होता, तुरुंगवास नव्हता.

खरे तर इथे तडजोड व्हायला हरकत नव्हती. पण तोवर दोन्ही बाजू हट्टाला पेटल्या होत्या. 20 मार्च 2023 रोजी जयपुरात विधानसभेकडे निघालेल्या डॉक्टरांवर पोलिसांनी पाण्याचे फवारे मारले, लाठ्या चालवल्या. दुसऱ्याच दिवशी आवाजी मतदानाने विधेयक मंजूर झाले. आता डॉक्टरांची मागणी दुरुस्तीची राहिली नाही; कायदाच मागे घ्या, असे ते म्हणू लागले. खासगी रुग्णालयांची दारे बंद झाली. 27 मार्चला इंडियन मेडिकल असोसिएशनने काळा दिवस पाळला. 29 मार्चला सरकारी डॉक्टरांनीही सामूहिक रजा घेतली. जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयासारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयांवर सारा भार येऊन पडला. ज्या रुग्णाच्या हक्कावरून वाद चालला होता, तोच रांगेत ताटकळत उभा होता!

वीस खाटांचे दवाखाने

डॉक्टर म्हणजे धनाढ्य, संप म्हणजे नफेखोरी, असा सूर त्या वेळी अनेकांनी लावला. तो पुरता खरा नाही. तालुक्याच्या गावी खाली दहा-वीस खाटांचा दवाखाना आणि वरच्या मजल्यावर डॉक्टर नवरा-बायकोचे घर, हे चित्र राजस्थानात आहे तसेच आपल्याकडेही आहे. इमारत कर्जाची, सोनोग्राफीचे यंत्र हप्त्याचे. रात्री एखादी नर्स आणि वॉर्डबॉय. अशा ठिकाणी ट्रकखाली सापडलेला माणूस आणला, तर मेंदूची शस्त्रक्रिया होणार नसते. रक्तस्राव थांबवायचा, सलाइन लावायचे, श्वास चालू ठेवायचा आणि मोठ्या ठिकाणी पाठवायचे, एवढेच शक्य असते. कायद्यालाही ज्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणे एवढेच अपेक्षित होते. पण वाटेत रुग्ण दगावला तर नातेवाईक दवाखान्याच्या काचा फोडतील, ही धास्ती डॉक्टरच्या मनातून कोणता कायदा काढणार?

पैशांचेही तसेच. सरकारी विमा योजनांचे दर परवडत नाहीत आणि बिले महिनोन्‌महिने अडकून पडतात, ही खासगी रुग्णालयांची जुनीच तक्रार. तेव्हा 'सरकार भरून देईल' या शब्दावर त्यांचा विश्वास बसला नाही, यात नवल ते काय! किती दिवसांत, कोणत्या दराने आणि कोणत्या निधीतून, हे कायद्यात नव्हते. ते नियमांवर सोडले होते.

तोडगा निघाला, पण कसा?

4 एप्रिल 2023 रोजी आठ कलमी समझोता झाला आणि संप मिटला. 50 पेक्षा कमी खाटांची खासगी बहुविध उपचार रुग्णालये वगळण्यात आली. ज्यांनी जमीन वा इमारतीसाठी सरकारकडून सवलत घेतलेली नाही, अशी खासगी रुग्णालयेही वगळण्यात आली. उरली ती खासगी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये, सरकारी भागीदारीत चालणारी, सवलतीच्या वा फुकटच्या जमिनीवर उभी राहिलेली आणि सरकारच्या मदतीने जमीन-इमारत मिळालेली विश्वस्त संस्थांची रुग्णालये. आंदोलकांवरचे खटलेही मागे घ्यायचे ठरले.

सवलत घेणाऱ्याने परतफेड करावी, हे न्यायाचेच. पण महामार्गावर अपघात होतो तेव्हा जवळ काय असते? शहरातले वैद्यकीय महाविद्यालय नव्हे, तर तो वीस खाटांचा दवाखाना! रक्त वाहत असताना पहिला तास जिथे कारणी लागायचा, तेच दार या कायद्याच्या कक्षेबाहेर गेले. डॉक्टरांच्या संघटनांनी आपली सारी ताकद बिलांसाठी वेगळा निधी, ठरलेली मुदत आणि ठरलेले दर मिळवण्यासाठी लावली असती, तर छोट्या डॉक्टरचे आणि रुग्णाचे, दोघांचेही भले झाले असते. तसे झाले नाही. वगळले जाण्यातच त्यांनी विजय मानला, आणि निवडणुकीच्या वर्षात सरकारलाही संप मिटण्याशी मतलब होता.

बरे, हा समझोता कायद्याच्या कलमांत नव्हता. तो नियमांतून उतरायचा होता. कायद्याला राज्यपालांची संमती मिळाली, पण डिसेंबर 2023 मध्ये राज्यात सरकार बदलले तोवर नियम झालेलेच नव्हते.

मराठी वाचकांना बेळगावचा नोव्हेंबर 2017 आठवत असेल. कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन तिथे भरले असताना खासगी रुग्णालयांविषयीच्या कायद्यातील दुरुस्तीविरुद्ध राज्यभरातले डॉक्टर तिथे जमले होते. जादा पैसे आकारल्याबद्दल तुरुंगवासाची तरतूद मसुद्यात होती. दवाखाने बंद पडले, लोकांचे हाल झाले आणि विधेयक बरेच सौम्य होऊनच मंजूर झाले.

महाराष्ट्रात काय आहे?

केंद्राच्या 2010 च्या क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्स कायद्यात तातडीच्या रुग्णाला स्थिर करण्याची सक्ती आहे. पण महाराष्ट्राने तो कायदा स्वीकारलेला नाही. इथे 1949 चा नर्सिंग होम नोंदणी कायदा चालतो. त्याच्या नियमांत 2021 साली रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावण्याची सक्ती आली. डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्धचा 2010 चा कायदा हे मात्र डॉक्टरांच्या पाठपुराव्याचे फळ.

राजस्थानात जी रुग्णालये शेवटी उरली, त्यांच्यातल्या विश्वस्त संस्थांच्या रुग्णालयांवर महाराष्ट्रात आधीपासूनच बंधन आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये घालून दिलेल्या योजनेप्रमाणे धर्मादाय रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. त्यासाठी बिलाच्या 2 टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकावी लागते, म्हणजे इथे पैसे कुठून यायचे हे ठरलेले आहे. तातडीच्या वेळी अशा रुग्णाला अनामत रक्कम न मागता दाखल करून घेणेही बंधनकारक आहे. तेव्हा कुणाला घेऊन धर्मादाय रुग्णालयात जाण्याची वेळ आली, तर खिडकीवर या योजनेचे नाव जरूर घ्यावे. दाद लागली नाही तर धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार करता येते.

मे 2025 मध्ये केंद्र सरकारनेही एक पाऊल टाकले. रस्ते अपघातातील जखमीला नेमलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न देता मिळावेत, अशी योजना देशभर लागू झाली. बिल कोणी भरायचे, याचे उत्तर इथे लेखी आहे. मात्र ही योजना फक्त रस्त्यावरच्या मोटार अपघातापुरती. शेतात साप चावलेल्याला किंवा अडलेल्या बाळंतिणीला ती लागू नाही.